हायब्रिड गाडीच्या बॅटरीचा दर गाडी विकतानाच सांगा: नितीन गडकरी यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

गडकरीसाहेब, 29 ऑगस्ट 2023 रोजी दिल्लीत आपण इथेनॉलवर चालणारी हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली, इनोव्हा लोकांसमोर आणलीत. पुढच्या वर्षी, हायब्रिडवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आणावा असा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे पाठवल्याचंही आपण जाहीरपणे सांगितलंत. इंधनाची आयात कमी व्हावी आणि त्यासाठी लोकांनी या गाड्यांकडे वळावं, ही आपली तळमळ आम्ही अनेक भाषणांतून ऐकली आहे. माझंही मत तेच आहे. म्हणूनच या गाड्यांबद्दलची एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे.

माझं सांगलीत गॅरेज आहे. नवी गाडी घेण्याआधी जुनी गिऱ्हाइकं एकदा विचारायला येतात. हायब्रिडचा विषय निघाला की मायलेजवर फारसं बोलणं होत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. पाच मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते: "बॅटरी गेली तर किती लागतील?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोरूममध्ये विचारलं तर "आठ वर्षं टेन्शनच नाही सर" एवढंच मिळतं. नवव्या वर्षाचं कुणी बोलत नाही.

आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. ग्रँड विटारा असो, हायरायडर असो, इनोव्हा हायक्रॉस असो की होंडा सिटीची हायब्रिड, बॅटरीची हमी साधारण याच मापाची आहे. ही हमी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, इंजिनाला तरी एवढी कुठे मिळते? पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर गाडीच्या किमतीवर लागतो आणि हायब्रिडची किंमत जास्त, म्हणून करही जास्त. सरकार 15 वर्षांचा कर पहिल्याच दिवशी घेतं आणि गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एकाची हमी त्याच्या निम्म्यावर संपते. मधली सात वर्षं मालकाच्या नशिबावर. टुरिस्ट परमिटवर चालणाऱ्याचं तर आणखी अवघड. सांगली-पुणे-मुंबई सतत ये-जा करणारी गाडी दीड लाख किलोमीटर दोन-तीन वर्षांत ओलांडते आणि बँकेचा हप्ता त्यानंतरही चालू असतो.

2022 साली रस्त्यावर आलेल्या गाड्यांची हमी 2030 मध्ये संपायला लागेल. तोवर वेळ आहे, म्हणूनच आत्ता लिहितो आहे.

हमी संपलेल्या गाडीचं काय होतं ते मी पाहिलं आहे. गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांची जुनी हायब्रिड सेडान घेऊन आले. सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण लागला होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं पूर्ण बॅटरी बदलण्याचं एस्टिमेट हातात दिलं होतं आणि तो आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून वर होता. सर खुर्चीत बसून कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. निवृत्त माणूस हा खर्च कुठून करणार?

आम्ही बॅटरीचा वीजप्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, रबरी हातमोजे चढवले आणि मग मागची सीट उचलली. सीटच्या कडेला बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असते. ती धुळीनं आणि सीटच्या कापडाच्या तंतूंनी इतकी भरली होती की बोटानं खरवडल्यावर तिची भोकं दिसली. आत निकेल-मेटल हायड्राइडची मॉड्यूल्स ओळीनं लावलेली. प्रत्येकात सहा सेल, म्हणजे 7.2 व्होल्ट. मीटर लावत गेलो. सगळी जवळपास सारखी भरली, मधलं एक मात्र सव्वा व्होल्टनं खाली. म्हणजे त्यातला एक सेल मेला होता. मॉड्यूल्स एकामागे एक जोडलेली असल्यामुळे एक बसलं की सगळा संच बसतो आणि गाडीचा कॉम्प्युटर दिवा लावतो.

सरांनी सगळी जॉबकार्डं फाइल करून ठेवली होती. दर सर्व्हिसचा पक्का हिशेब, पण ती जाळी साफ केल्याची नोंद एकाही कार्डावर नाही. जाळी साफ करायला दहा मिनिटं लागतात. बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता, हे बॅटरीचं काम करणारा कुणीही सांगेल. मे महिन्यातलं आपलं नागपूर आठवा. बंद गाडीतली हवा आधीच तापलेली, त्यात जाळी तुंबलेली. अशा बॅटरीचं आयुष्य कागदावरच्या हिशेबानं जाईल कसं?

मी कंपनीच्या पार्ट काउंटरला फोन लावला. सुटं मॉड्यूल मिळत नाही, पूर्ण संचच घ्यावा लागेल आणि तोही आमच्याच वर्कशॉपमध्ये बसेल, असं उत्तर आलं. जुन्या संचात एकच नवं मॉड्यूल टाकणं हा कायमचा इलाज नाही, हे मीही मान्य करतो. बाकीची मॉड्यूल्सही त्याच वयाची असतात, वर्ष-दोन वर्षांत दुसरं एखादं जातं. पण सत्तरीतल्या माणसाला आणखी दोन वर्षं गाडी चालली असती तर पुरेसं होतं. तो निर्णय त्यांचा त्यांना घेता यायला हवा होता. शेवटी सरांनी मिळेल त्या भावाला गाडी देऊन टाकली.

साहेब, लोकांना हायब्रिडची बॅटरी आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांतला फरक माहीत नाही आणि तो कुणी समजावूनही सांगत नाही. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिड बॅटरीत जेमतेम पाऊण युनिट वीज मावते. मोठ्या बॅटरीच्या नेक्सॉन इलेक्ट्रिकमध्ये 45 युनिट, म्हणजे पन्नास पटींहून जास्त. हायब्रिडची बॅटरी छोटी असते, ती पूर्ण भरतही नाही आणि पूर्ण रिकामीही होत नाही. कॉम्प्युटर तिला मधल्याच पट्ट्यात खेळवतो, त्यामुळे ती टिकते. 1997 मध्ये जपानात प्रियस आली, तेव्हापासून जगभर टॅक्सी म्हणून या गाड्या लाखो किलोमीटर चालल्या आहेत. मग एवढ्याशा बॅटरीच्या दराची लोकांना एवढी धास्ती का? कारण तो दर कुठे लिहिलेलाच नसतो. संच छोटा असला तरी त्यासोबत कंट्रोल युनिट, सेन्सर, वायरिंग, केसिंग येतं, खप कमी असतो, हे सगळं मला समजतं. पण साध्या ब्रेक पॅडच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते आणि या बॅटरीची किंमत मात्र गाडी बंद पडून जॉबकार्ड उघडल्यावरच कळते. कळते तेव्हा माणसाच्या हातात दुसरा पर्यायही नसतो.

बाहेरच्या देशांत काय चाललं आहे, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत टोयोटानं 2020 च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीची हमी 10 वर्षं किंवा दीड लाख मैल केली, म्हणजे जवळपास 2 लाख 40 हजार किलोमीटर. त्याच्या कितीतरी आधीपासून कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांत बसणाऱ्या हायब्रिडना एवढीच हमी द्यावी लागत होती. ब्रिटनमध्ये तीच कंपनी दरवर्षी बॅटरीची तपासणी करते आणि ती पास झाली की हमी एक वर्ष पुढे सरकवते, अगदी गाडी 15 वर्षांची होईपर्यंत. म्हणजे 15 वर्षांची हमी देणं शक्य आहे. ते देणाऱ्यांनी करून दाखवलं आहे. आपल्याकडची नोंदणीही 15 वर्षांचीच आहे, मग हमी तिथपर्यंत का नेऊ नये? वार्षिक तपासणीच्या अटीवर नेली तर पंख्याची ती जाळीही आपोआप साफ होत राहील.

संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर 2022 मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम झाला. पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला 80 टक्के, आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजारला 70 टक्के क्षमता उरलीच पाहिजे, असं तो सांगतो. पण तो इलेक्ट्रिक आणि प्लग लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिडपुरता आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साध्या हायब्रिड त्यात येत नाहीत. त्यामुळे "बॅटरी खराब झाली" म्हणजे नेमकी किती उतरली, हे ठरवणारं माप मालकाकडे नाही. हमीच्या शेवटच्या वर्षी गाडी घेऊन गेलेल्याला "ही नैसर्गिक झीज आहे" असं ऐकवलं, तर तो काय दाखवून भांडणार? किती टक्क्यांखाली बॅटरी बदलून द्यायची, हा आकडा हमीपत्रात छापलेला असला पाहिजे. आणि आज ती किती टक्क्यांवर आहे हे दर सर्व्हिसच्या बिलावर आलं पाहिजे. गाडीचा कॉम्प्युटर ही माहिती रोज गोळा करतोच. आम्ही स्कॅनर लावून त्यातली जमेल तेवढी वाचतो, बाकीची कंपनीच्या कुलपात राहते.

बॅटरी किती टक्क्यांवर आहे याचा हाच अहवाल सेकंडहँड बाजारासाठीही लागेल. गाडी नावावर करताना फॉर्म 29 आणि 30 भरले जातात. हायब्रिड असेल तर त्यांच्यासोबत बॅटरीचा ताजा अहवाल जोडणं बंधनकारक करा. आज सेकंडहँड हायब्रिड घेणारा माणूस रंग, टायर आणि मीटर बघून पैसे मोजतो, बॅटरीचं त्याला काहीच दिसत नाही. हे आपल्याच मंत्रालयाच्या नियमावलीत बसतं, त्यासाठी नवा कायदा नको.

रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या कंपनीनं परत बोलावून दुरुस्त करण्याचा, नियमही आपल्याच मंत्रालयाचा. 1 एप्रिल 2021 पासून तो लागू आहे आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. ज्या भागाची हमीच आठ वर्षांची, त्यात निर्मितीचा दोष असेल तर तो सातव्या वर्षानंतरही उघडकीला येऊ शकतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकच्या बॅटरीसाठी ही मर्यादा वाढवावी.

आता आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांचं. 25 ऑगस्ट 2014 रोजी स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग बाजारात खुले करा, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट हमी रद्द करू नका, असं त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. 24 डिसेंबर 2022 रोजी ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तरीही मला एक मॉड्यूल मिळत नाही. उच्च दाबाच्या बॅटरीला कुणीही उठून हात घालावा असं मी अजिबात म्हणत नाही. दोनशे व्होल्टच्या डीसीला क्षमा नाही, आणि प्रशिक्षण नसलेल्या पोरांना सीट उचलू देणाऱ्या मेस्त्रीवर कारवाई झालीच पाहिजे. पण त्यासाठी आयटीआयमधून परीक्षा घ्या, परवाना द्या, साधनं तपासा. परवाना असलेल्या गॅरेजला भागही मिळू द्या आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिकाही. सांगली, लातूर, गोंदियातल्या माणसानं एका दिव्यासाठी गाडी टोचण करून कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपपर्यंत का न्यावी?

आणखी एक बारीक गोष्ट. साधी 12 व्होल्टची बॅटरी बदलली की दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. हायब्रिडच्या जुन्या संचात निकेल असतं, इतरही मोलाचे धातू असतात. तो काढून घेतल्यावर गिऱ्हाइकाच्या बिलात त्याचे किती वजा झाले, ही ओळ बिलावर हवी.

कराबद्दल थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब किंवा 1200 सीसीच्या वरच्या हायब्रिडला 40 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकला 5. ते कमी करणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण कर जरी खाली आला तरी माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारणार आहे.

म्हणून सर्वांत आधी एवढं करा. प्रत्येक हायब्रिडच्या विक्रीच्या कागदावर, एक्स-शोरूम किमतीच्या खालच्याच ओळीत, बदली बॅटरीचा आजचा दर मजुरी आणि करासकट छापायला लावा. तो दर दरवर्षी कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर होऊ द्या. इंधन किती देते हा आकडा कंपन्या जाहिरातीत मोठ्या टाइपात देतात, हा त्याच्याच शेजारी द्यावा. एक कंपनी स्वस्त बॅटरी जाहीर करेल तेव्हा दुसरीला आपला दर उतरवावा लागेल, आणि अधिसूचनेच्या एका परिच्छेदात हे काम होण्यासारखं आहे. 2030 च्या आत ती निघावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
सांगलीतील एक गॅरेजमालक