सान्तियागो आतित्लानच्या ताईंना

ताई,

हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. स्पॅनिशमध्ये चार ओळी मी आधीच पाठवल्यात, पण माझ्या स्पॅनिशची धाव तेवढीच. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळावं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी मूळची वसईची, गेली 14 वर्षं ओक्लाहोमात. यंदा तपस्याकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या, आधी आमच्या चर्चच्या पॅरिशमधले आम्ही 11 जण ग्वातेमालात, आतित्लान तलावाकाठच्या तुमच्या गावी नऊ दिवसांसाठी चुली बांधायला आलो होतो. ओक्लाहोमाच्या कॅथलिकांचं या गावाशी नातं 1964 पासूनचं. फादर स्टॅन्ली रॉदर हे ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचे पोर. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, लॅटिन जमेना म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. तोच माणूस 1968 साली तुमच्याकडे आला, त्सुतुहिल ही तुमची माया भाषा शिकला आणि त्या भाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करू लागला. मराठी मिस्सा ऐकत वाढलेल्या मला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ग्वातेमालातल्या यादवीच्या काळात त्यांचं नाव मारायच्या यादीत आलं, तेव्हा जानेवारी 1981 मध्ये ते मायदेशी गेले आणि ईस्टरला परत आले. 28 जुलैच्या रात्री त्यांना चर्चच्या आवारातच ठार केलं. देह ओक्लाहोमात पुरला, हृदय मात्र लोकांनी आपल्या चर्चमध्ये ठेवून घेतलं. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या होतात. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला तिथे नेलंत, पण बोलला काहीच नाहीत. नुसता भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिलात. पाद्रे आप्लास, हे गावाने फादर स्टॅन्लींना दिलेलं नाव, एवढंच एकदा म्हणालात.

आता चुलीचं.

पहिलं घर गावाबाहेरच्या चढावरचं होतं. आत तीन दगडांची चूल, वर काळं मिट्ट छप्पर. धूर डोळ्यात गेला आणि मला थेट आमची आजी आठवली, फुंकणी बाजूला ठेवून पदराने डोळे पुसणारी. तुमच्याकडे फुंकणीऐवजी विणलेला पंखा, बाकी सगळं तेच. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, तो वाटायचा पाटा, आणि दोन तळव्यांत टप टप थापली जाणारी तोर्तिया. भाकरीचाच आवाज! मला वाटलं, हे घर मला कळलं. तिथेच मी चुकले.

आम्ही सोबत आणलेल्या आराखड्याप्रमाणे विटा रचल्या. ओटा तीन फूट उंच, वर लोखंडी पत्रा, मागे धुराडं. मोजमाप माझ्याकडे होतं. दुपारपर्यंत चूल उभी राहिली. घरच्या बाईंना विचारलं, आवडली का? त्या हसल्या, मान डोलावली. आमच्यातल्या एकाने फोटोही काढला.

तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्ही त्यांच्याशी त्सुतुहिलमध्ये काहीतरी बोललात, त्या खाली बघून हळूच उत्तरल्या. मग तुम्ही त्यांना चुलीसमोर उभं केलंत आणि रिकाम्या हातांनी तोर्तिया पत्र्यावर टाकायला सांगितलंत. त्यांचे खांदे कानांपर्यंत वर गेले. पत्र्याची मागची कड त्यांच्या हाताला पोचतच नव्हती.

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. "ती हो म्हणाली, कारण तुम्ही पाहुणे आहात. चूल कशी हवी हे तिला कुणी विचारलंच नाही."

कुणालाही राग यावा असं बोलणं होतं, आणि आला. दिवस थोडे, घरं आठ, विटा मोजून आणलेल्या. आमच्यातल्या एक-दोघांनी तोंड वळवलं. मलाही क्षणभर वाटलं, इतक्या लांबून आलोय, एवढं तरी चालवून घ्यावं. तुम्ही जागच्या हलला नाहीत. शांतपणे सांगितलंत, 2005 च्या ऑक्टोबरात स्टॅन वादळाच्या पावसाने डोंगर खाली आला, शेजारची पानाबाज वस्ती चिखलाखाली गेली. त्यानंतर खूप लोक आले, खूप काही देऊन गेले. देणाऱ्याला नाही म्हणायची इथल्या बायकांची सवयच मोडली.

आम्ही विटांचे वरचे दोन थर उतरवले. गारा अजून ओला होता, हाताने खरवडून निघाला. चुलीचं तोंड दाराकडे वळवलं, कारण त्या बाईंना तोर्तिया भाजताना अंगणातली मुलं दिसायला हवी होती. जुने तीन दगड मी बाहेर टाकायला उचलले, तर तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत. ते त्यांच्या आईचे होते. मग ते कोपऱ्यात, चुलीला लागूनच ठेवले. घरी गॅस आला तेव्हा आमच्या आजीनेही मागच्या पडवीतली चूल मोडू दिली नव्हती. हे मी तुम्हाला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि तुम्ही पहिल्यांदाच मोकळ्या हसलात.

त्यानंतर प्रत्येक घरी आधी तुम्ही जायच्यात. लाल लांब फीत डोक्याभोवती गुंडाळलेली, हुइपिलवर, म्हणजे तुमच्या पोलक्यावर, पक्षी भरतकाम केलेले, हातात आमची टेप. बाईला उभं करायचं, हात पुढे करायला लावायचा, भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. कुणाची रेघ अडीच फुटांवर, कुणाची त्याच्याही खाली. एका म्हाताऱ्या आजींना उभं राहून रांधणंच नको होतं, बसूनच हवं होतं, तर त्यांची चूल गुडघ्याएवढी झाली. दुपारनंतर तलावावर तो शोकोमिल वारा सुटला की तुम्ही धुराड्याकडे बघत थांबायच्यात, धूर उलटा आत येतोय का ते पाहायला. आठापैकी पाचच चुली पूर्ण झाल्या. परत आल्यावर पॅरिशच्या सभेत मी पाचच म्हणून सांगितलं, आणि उरलेल्या तीन का राहिल्या तेही सांगितलं.

निघताना तुम्ही माझ्या हातात ग्वातेमालाचं 25 सेंताव्होचं नाणं ठेवलंत. त्यावरची फीतवाली बाई तुमच्याच गावची, कोन्सेप्सियोन रामीरेस. मोठ्या अभिमानाने दाखवलंत. ते नाणं माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी आहे.

उरलेल्या तीन घरांसाठी पुढच्या वर्षी यायचा विचार चाललाय. तारखा अजून ठरवलेल्या नाहीत. मक्याच्या पेरणीच्या दिवसांत येऊन तुमच्या लोकांची कामं अडवायची नाहीत. कधी यावं, किती जणांनी यावं, की नुसत्या विटा आणि पत्रा यांचे पैसे पाठवून गावातल्याच गवंड्याला काम द्यावं, हे त्या तिघींना विचारून कळवा. गवंड्याचं ठरलं तर तसंच करू. माझा जीव यायला ओढ घेतो, पण ते माझं झालं.

आणि पहिल्या घरच्या बाईंना सांगा, धुराड्यातली काजळी महिन्यातून एकदा काढावी लागते. तेवढं तुम्ही बघाल, ठाऊक आहे.

माल्त्योश, ताई. तुमच्या भाषेत आभार.

तुमची,
ओक्लाहोमाहून, वसईची धाकटी बहीण