सुरगाण्याचं कार्ड दिंडोरीत चालत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. पाच एकर बाग, त्यातली तीन एकर निर्यातीची. आम्ही बागायतदार मंत्र्यांना पत्र लिहितो ते एरवी अवकाळीच्या पंचनाम्यासाठी. हे पत्र माझ्या शेडमध्ये राहून गेलेल्या एका जोडप्याबद्दल, त्यातल्या नवऱ्याच्या टीबीबद्दल आहे. त्यात चूक माझीही आहे, ती आधी सांगून टाकतो.

ऑक्टोबर छाटणी उरकत आली की सुरगाणा, पेठ, हरसूलकडची माणसं खाली उतरतात. तिकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. कुणी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी उभं राहतं, कुणाची टोळी मुकादमामार्फत उचल घेऊन आधीच ठरलेली असते. माझ्याकडे आलेली टोळी आठ जणांची होती, शिवाय दोन लहान पोरं. पत्र्याचं शेड, एक दार. थंडी म्हणून दार रात्री बंद.

घडातले जादा मणी काढायची विरळणी चालू होती. रात्रीच्या लाइटला मोटर सुरू करायला गेलो की शेडमधून त्या नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा. मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून दिली. ती संपली, दुसरी आणली. तीही संपल्यावर त्याला मोटारसायकलवर मागे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. केसपेपर काढताना गाव विचारलं, त्यानं सुरगाण्याकडचं सांगितलं. ते लिहून घेतलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. खोकला किती दिवसांचा आहे, हे कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं, महिना उलटून गेला होता. मी बोललो नाही. डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, तोंडावर आलं होतं आणि त्या दिवसांत टोळीतला एक गडी कमी होणं म्हणजे काय, हे बागवाल्यालाच कळतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

होळीला टोळी घरी गेली. तिकडच्या आशाताईनं त्याची अवस्था बघून बेडका तपासायला लावला. टीबी निघाला. म्हणजे चार महिने नऊ माणसं त्याच्यासोबत एका पत्र्याखाली श्वास घेत होती. त्यांची तपासणी कुणी करायची? घरच्यांची तिकडे झाली. टोळीतले बाकीचे वेगवेगळ्या गावचे, ते कुणाच्याच यादीत नव्हते.

एप्रिलात तो खरड छाटणीला परत आला, सोबत उपचाराचं कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं. ती संपत आली तेव्हा आमच्या केंद्रात उत्तर मिळालं, “कार्ड तिकडचं आहे, गोळ्या तिकडूनच आणा.” एसटीनं जाऊन यायचं तर दिवस मोडतो, हजेरी बुडते. तो दोनदा गेला. तिसऱ्यांदा टाळायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं मला येऊन सांगितलं. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सुटला तर साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो, हे भिंतीवरच्या पोस्टरवरही लिहिलेलं असतं. शेवटी तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाला फोन लागला. त्यानं बसल्या जागी निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पेशंट इकडे वर्ग करून घेतला. दहा मिनिटं लागली नसतील. ती सोय आधीपासूनच होती, फक्त केसपेपरच्या खिडकीपर्यंत ती पोहोचलेली नव्हती.

साहेब, सुरगाणा आणि दिंडोरी एकाच जिल्ह्यात आहेत. जिल्हा परिषद एक, जिल्हा आरोग्य अधिकारी एक. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या पोरांचं काय होत असेल? 2027 च्या सिंहस्थाची कामं आहेत, त्यांवर येणाऱ्या मजुरांचं काय? हजार वस्तीमागे एक आशा असते, तिच्या वहीत गावातली घरं असतात. बागेतलं शेड, वीटभट्टीवरची झोपडी, बांधकामाच्या खालच्या मजल्यावरचा संसार त्या वहीत बसत नाही.

उलट माझ्या द्राक्षांचं बघा. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला, माल अडकला, बागायतदार रडकुंडीला आले. आज आमच्या प्रत्येक फवारणीला वही आहे. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यादीत प्लॉटची नोंद आहे, पेटीवरच्या आकड्यावरून घड कुठल्या बागेतला ते परदेशात बसून कळतं. ऑडिटवाला येतो तो मजुरांसाठी हात धुवायची जागा बघून जातो. शेडमध्ये रात्री कोण खोकतंय, हा प्रश्न त्याच्या कागदात नसतो.

माझा भाचा शिकायला इंग्लंडला गेला. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार म्हणून व्हिसाआधी त्याला टीबीचा एक्स-रे काढावा लागला. तिथे तर काही भागांत, टीबी जास्त असलेल्या देशांतून नव्यानं आलेल्या तरुणांची लपलेल्या टीबीसाठी रक्ततपासणी फॅमिली डॉक्टरकडेच होते. परदेशातून आला म्हणून तिथे विचारतात, आमचा माणूस आपल्याच जिल्ह्यातला म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

मागणी मोठी नाही. केसपेपरवर दोन ओळी वाढवा: सध्या मुक्काम कुठे, आणि किती दिवसांसाठी. बाहेरून आलेला दिसला की खोकला, ताप, वजन घटणं एवढं विचारणं सक्तीचं करा. पण नुसत्या विचारण्यावर थांबू नका. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सुमारे 43 टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर नजरेतून सुटले असते. हातात धरायची एक्स-रे मशिन आता मोहिमेत फिरतात, ती हंगामात शेडपर्यंत येऊ द्या. त्याच फेरीत ज्याची तयारी असेल त्याची कावीळ ब आणि क, तसंच एचआयव्हीची चाचणीही होऊ शकते. कावीळ क तर बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. रिपोर्ट मुकादमाच्या हाती पडता कामा नये, आणि माझ्याही नाही. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा संमतीशिवाय चाचणी करू देत नाही, तीच शिस्त सगळ्यालाच ठेवा. कारण मालकाला कळलं की पुढच्या वर्षी त्या माणसाला उचल मिळत नाही. मालक काय करतो, हे मी वर लिहिलंच आहे. कामावरून काढतील या भीतीनं माणूस खोकला दाबून ठेवतो, आणि मग तपासणीचा काही उपयोग राहत नाही.

आणखी एक अडचण वेळेची. केंद्राची ओपीडी सकाळची, तेव्हा मजूर बागेत असतो. आठवडे बाजाराच्या दिवशी मात्र टोळ्या दुपारनंतर मोकळ्या असतात. त्या एका संध्याकाळी डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन दोघेही केंद्रात बसले तर निम्मं काम होईल.

तो आता बरा आहे, कोर्स पूर्ण झाला. यंदाही टोळी ठरली आहे, दिवाळीनंतर येतील. शेडला मी दोन खिडक्या काढून घेतल्या. बाजाराच्या संध्याकाळचं तेवढं कळवा, माणसं मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार