ओलाव्याचा वेग आणि ओलाव्याची पातळी : एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

कार्बन फायबर कंपोझिटमध्ये (कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेल्या पदार्थात) नॅनोक्ले, म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांची माती, मिसळून त्याचा ओलाव्याला होणारा प्रतिकार वाढवण्याविषयीचा माझा प्रबंध आता सादर झाला आहे. प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळताना आपण या कामात जे मार्गदर्शन केले, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानणे मला आवश्यक वाटते.

कार्बनचे तंतू पाणी जवळजवळ शोषत नाहीत. ते शोषते तंतूंना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन, आणि मग त्याचे ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्यावर कडक रेझिन मऊ पडू लागते ते तापमान) खाली येते, तंतू व रेझिन यांच्यातील बंधही कमकुवत होतो. मॉन्टमोरिलोनाइटचे, म्हणजे या नॅनोक्लेमधील खनिजाचे, जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे रेझिनमध्ये विखुरले, की पाण्याच्या रेणूंना वळसे घेत जावे लागते. मात्र पापुद्रे एकमेकांपासून सुटले नाहीत तर गुठळ्याच होतात, म्हणून थ्री-रोल मिलमधील (तीन फिरत्या रुळांमधून मिश्रण दाबून काढणाऱ्या यंत्रातील) फट टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची आणि नॅनोक्लेमुळे दाट झालेल्या रेझिनमधील हवा निर्वातात किती धीराने काढायची, हे आपण शेजारी उभे राहून शिकवले. अडकलेला प्रत्येक बुडबुडा पुढे पाण्याचे कोठार होतो, हे आपले म्हणणे सूक्ष्मदर्शकाखाली पटले.

सर्वांत मोठे ऋण मात्र आपल्या एका प्रश्नाचे आहे. पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांची वजनवाढ काळाच्या वर्गमुळासमोर आलेखावर मांडली, तेव्हा नॅनोक्ले असलेल्या नमुन्यांची सुरुवातीची रेषा स्पष्टपणे कमी चढाची दिसत होती आणि सगळे खूश होते. आपण तेवढ्यात विचारले, "पाणी हळू शिरते आहे, की कमी शिरते आहे?" आलेख सपाट होईपर्यंत नमुने पाण्यातच ठेवण्याचा आग्रह आपण धरला, आणि प्रत्येक वजनापूर्वी पृष्ठभाग एकाच पद्धतीने टिपायला लावला, कारण फरक मिलिग्रॅमचा असताना एखादा थेंबही निष्कर्ष बिघडवू शकतो. अखेरीस विसरणाचा, म्हणजे पाणी आत पसरण्याचा, वेग घटलेला आढळला, पण समतोलातील (वजनवाढ थांबल्यानंतरचा) ओलावा फारसा बदललेला नव्हता. त्यामुळे अधूनमधून भिजून पुन्हा वाळणाऱ्या भागांना या मिश्रणाचा खरा उपयोग आहे, तर कायम पाण्यात राहणाऱ्या भागांची झीज केवळ लांबणीवर पडते, एवढाच दावा प्रबंधात राहिला. माझ्या मते या मर्यादेनेच त्याला वजन आले.

वाळवल्यानंतर आंतरस्तरीय कर्तन-सामर्थ्य (थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध) कितपत परत येते, हे तपासण्याची आपली सूचना मी हाती घेतली असून, निष्कर्ष हाती येताच ते प्रथम आपल्याला पाठवीन.

आपला नम्र,
एक संशोधक विद्यार्थी