‘थांबले’ की ‘थांबवले’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘थांबले’ हे क्रियापद फार वाचायला मिळते. पुलाचे काम थांबले, भरती थांबली, अनुदान थांबले. बातमी वाचून संपते आणि मुख्य प्रश्न तसाच राहतो: कोणी थांबवले? मराठीत त्यासाठी एक ‘व’ पुरतो आणि नेमका तोच गळतो, म्हणून हे पत्र.

पाऊस थांबतो. रडणारे मूल थोड्या वेळाने आपसूक थांबते. अनुदान आपसूक थांबत नाही, कोणाच्या तरी टेबलावर फाइल अडलेली असते. थांबणे हे अकर्मक क्रियापद, थांबवणे हे त्याचे प्रयोजक रूप, एवढे शाळेत सगळेच शिकतो. (थांबवणे की थांबविणे हा वाद मी काढत नाही, दोन्ही रूपे चालतात.) ‘थांबवले’ लिहिले की वाक्य लगेच कर्ता मागते: कंत्राटदाराने, न्यायालयाने, लेखा विभागाने. ‘थांबले’ लिहिले की कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. सरकारी पत्रकांनी तर मधली वाट शोधली आहे, ‘थांबवण्यात आले’. कोणीतरी थांबवले एवढे कबूल, नाव मात्र गुलदस्त्यात. पत्रक काढणाऱ्याची सोय मी समजू शकतो, पण वार्ताहराने ते वाक्य जसेच्या तसे का उचलावे?

याचा त्रास आमच्या गावाने भोगला आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी येईना. एका वृत्तपत्रात बातमी आली, ‘नळयोजना बंद पडली’. बंद पडते ते यंत्र. मोटार जळते, पंप नादुरुस्त होतो, मग योजना बंद पडते. लोकांनी तसाच अर्थ घेतला आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला धारेवर धरले. त्याच्या दारात बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. तो बिचारा शपथा घेऊन सांगत होता की मोटार धडधाकट आहे. खरोखरच होती. बिल थकले होते म्हणून पंपाची वीज तोडली होती. ‘बिल थकल्याने वीज तोडली’ एवढे छापले असते, तर घागरी त्याच्या दारात न जाता बिल कोणी थकवले ते विचारायला गेल्या असत्या.

बंद आहे, बंद पडली, बंद केली, बंद ठेवली. चारही वेळा नळाला पाणी नाहीच. पण पहिल्यात नुसती अवस्था आहे, दुसऱ्यात बिघाड, तिसऱ्यात निर्णय, आणि चौथ्यात तो निर्णय अजून कोणीतरी चालवतो आहे. कमी पटाच्या मराठी शाळांबद्दल ‘बंद पडल्या’ असे वाचतो तेव्हा मला म्हणूनच राग येतो. शाळा म्हणजे पाण्याची मोटार नव्हे. काही गावांत मुले कमी झाली हे खरे, तरीही कुलूप लावायचा आदेश कोणाच्या तरी सहीनेच निघतो.

थांबणे या शब्दात वाट पाहणेही आहे. ‘थांब, आलोच’ असे आपण म्हणतो. एसटीचा थांबा असतो, आणि थांबलेली गाडी पुन्हा निघते. न्यायालयाने स्थगिती दिली, तर काम ‘थांबले’ म्हणणे योग्य, कारण ते पुन्हा सुरू होऊ शकते. पण योजना रद्द झाली असताना ‘थांबली’ असे छापले, तर अर्ज केलेली माणसे आज ना उद्या सुरू होईल म्हणून वाट पाहत बसतात. त्यासाठी गुंडाळली हा शब्द आहे. नुसती दिरंगाई असेल तर रखडली आहे.

संपाच्या बाबतीत आपली भाषा किती काटेकोर आहे पाहा. तडजोड झाली तर संप मिटतो, पुढाऱ्यांनी माघार घेतली तर मागे घेतला जातो, आतूनच माणसे कामावर गेली तर फुटतो, आणि बळ वापरले तर मोडून काढतात. मुंबईतला गिरणी संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा झालीच नाही, त्यामुळे त्याला ‘मिटला’ म्हणताना जीभ अडखळते. ‘थांबला’ तर मुळीच म्हणता येत नाही. हे शब्द कामगारांच्या आणि वार्ताहरांच्या बोलण्यातूनच रुळले, आणि आज त्याच वृत्तपत्रांत सगळ्याला एकच ‘थांबले’ लावलेले पाहून वाईट वाटते.

आरोग्याच्या सदरातही काळजी घ्यावी. क्षयाच्या साध्या प्रकारात औषधे साधारण सहा महिने घ्यावी लागतात आणि काही आठवड्यांत बरे वाटू लागले की अनेकजण ती मध्येच सोडतात. डॉक्टर औषध बंद करतात, रुग्ण सोडतो. ‘औषध थांबल्याने आजार बळावला’ या वाक्यातून दुकानात औषध मिळाले नाही की रुग्णाने घेतले नाही, हे काहीच कळत नाही.

मथळ्याला जागा कमी असते, हे मान्य. पण ‘वीज तोडली’ हे ‘नळयोजना बंद पडली’पेक्षा लहानच आहे. कोणी थांबवले ते छपाईपर्यंत कळले नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि दुसऱ्या दिवशी विचारून छापावे. आमच्या भागातल्या बंधाऱ्याचे काम ‘थांबले’ अशी बातमी आपण नुकतीच दिली आहे. ते कोणी थांबवले आणि कोणत्या आदेशाने, एवढे आपल्या वार्ताहराने संबंधित कार्यालयात जाऊन विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा