दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीखालचा दगड काढा, दमदार जॅक बसवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गाळप हंगाम तोंडावर आलाय, गावोगावी वेल्डिंगच्या दुकानांपुढं ट्रॉल्यांची लाईन लागलीय, कुणी पाटे बदलायलंय, कुणी टायर रिमोल्ड करून आणायलंय, रंग, रेडियम, मागं कुलदैवताचं नाव सगळं व्हायलंय, पण पुढच्या जॅककडं, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायची दांडी हँडल फिरवून वर-खाली करणाऱ्या अन् पेलून धरणाऱ्या पायाकडं, कुणी बघायला तयार नाही म्हणून हे पत्र लिहितोय. चारचाकी ट्रॉलीचं सोडा, तिचं वजन चारही चाकांवर असतं. मी बोलतोय दोनचाकी ट्रॉली आणि ट्रॅक्टरमागच्या पाण्याच्या टँकरबद्दल.

ट्रॅक्टरपासून सोडलं की ह्यांची दांडी खाली जाते. तिच्याखाली आपल्याकडं काय असतं, तर दगड, लाकडाचा ठोकळा, नाहीतर पाईप कापून ठोकलेला स्टँड. आणि परत जोडताना दोघंजण दांडी खांद्यावर उचलतात, तिसरा हातात पिन घेऊन हुकापाशी वाकलेला असतो आणि ड्रायव्हर रिव्हर्स येतो, रात्रीची वेळ, मागचं नीट दिसत नाही, क्लचवरचा पाय जरा सटकला की हात हुक आणि दांडीच्या मधात. हे हात बहुतेक टोळीतल्या पोराचे असतात, जे आपलं गाव सोडून चार पैशासाठी आलेलं असतं. त्याची बोटं गेली तर त्याच्या हातातला कोयता पण गेला, घर कशावर चालणार?

अमेरिकेत लोकं फिरायला जाताना घरासारखी ट्रॅव्हल ट्रेलर गाडीमागं ओढतात. तिच्या दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा असा तिथला हिशोब आहे आणि जॅक पण त्याच्यावरूनच निवडतात. २००० पौंडाचा काढून ३५०० पौंडाचा म्हणजे जवळपास १६०० किलोचा बसवायचा हे तिथं लोकं घरीच करतात, बहुतेक ट्रेलरला तीन बोल्टचं काम असतं. तोच हिशोब आपल्या ५००० लिटरच्या टँकरला लावून बघा, नुसतं पाणीच ५ टन, लोखंड वेगळं, म्हणजे १० टक्के धरले तरी ५०० किलोच्या वर वजन दांडीवर आलं आणि आपल्याकडं एक्सल मागं टाकलेला असला तर त्याच्याहून जास्त. एवढं वजन दगडावर ठेवून आपण निवांत घरी जातो.

जॅक घेताना दांडीवर येणाऱ्या वजनाच्या दुप्पट ताकदीचा घ्या. हँडलखाली बेअरिंग आहे का ते बघा, नसलं तर भरल्या ट्रॉलीला हँडल फिरवताना घाम निघतो आणि मग माणूस परत दगडच शोधतो. खालची प्लेट मोठी पाहिजे, कारण आपल्या काळ्या रानात पाणी दिलेलं असलं की बारक्या तळाचा जॅक खिळ्यासारखा आत घुसतो, हे ऊस भरणाऱ्या कुणालाही विचारा. जॅकचा पाईप दांडीला डायरेक्ट वेल्ड मारू देऊ नका, तापून पाईप वाकडा होतो आणि आतला स्क्रू अडकतो, त्यापेक्षा दांडीला जाड प्लेट वेल्ड करायची आणि तिच्यावर जॅक नट-बोल्टनं आवळायचा. चालताना तो आडवा किंवा वर करून पिन लावता आला पाहिजे, नाहीतर पहिल्याच बांधाला धडकून जातो. स्क्रूला ग्रीस देत जा. तिकडं १२ व्होल्टवर चालणारे मोटरचे जॅक पण मिळतात आणि ट्रॅक्टरची बॅटरी पण १२ व्होल्टचीच असते, पण आपल्या धुळीत अन् चिखलात हाताचाच बरा.

अजून एक, जॅक फक्त उभं वजन पेलतो, आडवा धक्का नाही. ट्रॉली जरा सरकली की कितीही महागाचा जॅक असला तरी वाकतो, म्हणून दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय पिन काढायचीच नाही. अर्धा भरलेला टँकर तर मागच्या उतारावर सोडूच नका, पाणी मागं पळतं, दांडी एकदम वर उसळते आणि पुढं उभा असलेला माणूस सापडतो.

नवीन टायरच्या मानानं ह्याचा खर्च किरकोळ आहे. साखर कारखाने वाहतुकीचा करार करताना गाडीचे कागद बघतात, रेडियम लावायला सांगतात, तसंच दोनचाकी ट्रॉलीला चालू जॅक आणि गुटके असल्याशिवाय करार करू नये. उन्हाळ्यात गावात टँकर लावताना प्रशासनानं पण हीच अट घालावी. आणि ट्रॉली बनवणाऱ्यांनी जॅक किती किलोचा आहे ते त्याच्यावर ठळक कोरून द्यावं, म्हणजे गिऱ्हाईकाला विचारत बसायची गरज नाही.

आपला,
एक ट्रॅक्टर मालक, ता. केज, जि. बीड