पहिल्या पानावरची ती गाडी माझ्या गॅरेजमध्ये आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर एक रंगीत फोटो होता. कसबा बावडा ते शिये रस्ता, दोन्ही बाजूंना उसाचे नुसते शेंडे, मध्ये चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यातून फवारे उडवत येणारी पांढरी मोटार. खाली ओळ होती, ‘पुराच्या पाण्यातूनही वाट काढणारा जिगरबाज चालक’. या जिगरबाज चालकाला मी ओळखतो. ते हायस्कूलला गणित शिकवतात आणि दोन वर्षांनी रिटायर होतील. फोटो निघाल्यावर साधारण दीडशे फुटांवर त्यांची गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरला टोचन करून ती माझ्याकडे उद्यमनगरात आणली. हे पत्र लिहितोय तेव्हा तिचं इंजिन खाली उतरवून दोन ओंडक्यांवर ठेवलेलं आहे.

मी मिस्त्री माणूस, पत्रं लिहायची सवय नाही. पण पावसाळा आला की हीच कथा दर वर्षी माझ्या दारात येते, आणि या खेपेला ती आपल्या पहिल्या पानावरून आली, म्हणून लिहितोय.

सरांनी आल्या आल्या सांगितलं, “मिस्त्री, फार काही झालं नाही. पाण्यात बंद पडली, मग सेल्फच घेईना. बॅटरी गेली असणार.” मी विचारलं, “सर, सेल्फ किती वेळा मारला?” ते म्हणाले, “चार-पाच वेळा. नंतर नुसतं टक् वाजायला लागलं.” ते ‘टक्’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बॅटरी उतरली की सेल्फ कुंथतो, दिवे मंद होतात. इथे दिवे लख्ख होते. म्हणजे सेल्फ जोर लावत होता आणि इंजिन हलत नव्हतं. आत पाणी बसलेलं होतं.

हे पाणी आत जातं कुठून, हे शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना माहीत नसतं. बहुतेकांना वाटतं सायलेन्सरमधून. इंजिन चालू असेपर्यंत सायलेन्सर धूर बाहेर फेकत असतो, त्या वाटेनं सहसा पाणी येत नाही. खरं तोंड पुढे असतं. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये हवा ओढणारा प्लॅस्टिकचा पाइप जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी उघडतो. इंजिन त्या तोंडानं श्वास घेतं. उभ्या पाण्यात ते वरच असतं, पण गाडी जोरात घातली की तिच्याच नाकापुढे पाण्याचा बांध तयार होतो आणि बॉनेटच्या कडेपर्यंत चढतो. समोरून एसटी आली तर विचारूच नका. एसटीची उंची वेगळी, तिचं हवेचं तोंड वर. ती आरामात जाते आणि तिची लाट आपल्या नाकातोंडात जाते. ‘एसटी गेली की, मग आपण का नाही?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गॅरेजच्या पाटीवर लिहून ठेवावं म्हणतो.

आत गेलेलं पाणी करतं काय, ते सर गणिताचे असल्यामुळे त्यांना मी आकड्यांत सांगितलं. त्यांचं इंजिन 1248 सीसी, चार सिलेंडरचं, म्हणजे एका सिलेंडरला 312 सीसी. डिझेल इंजिन हवा साधारण साडेसतरा पट दाबतं. पिस्टन, म्हणजे सिलेंडरमध्ये वरखाली होणारा दट्ट्या, पूर्ण वर आला की वर जी मोकळी जागा राहते ती फक्त 19 मिलीच्या आसपास. सरांनी कागदावर भागाकार करून बघितला आणि म्हणाले, “म्हणजे चार चहाचे चमचे?” चार चमचेसुद्धा पुरते नाहीत, सर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. चार चमच्यांपेक्षा जास्त पाणी सिलेंडरमध्ये असलं की पिस्टन वर यायला जागाच नाही. खालून क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, ढकलतोय, वर पाणी अडून बसलंय, मग दोघांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडनं करायचं काय? तो वाकतो. पेट्रोल इंजिनात दाब कमी, वरची जागा थोडी जास्त, म्हणून तिथे थोडी सूट मिळते. पण थोडीच.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं तेव्हा सर शेजारी उभे होते. इंजिन हातानं फिरवून एकेक पिस्टन वर आणला. पहिला, दुसरा, चौथा ब्लॉकच्या पातळीला बरोबर आले. तिसरा खालीच थांबला. त्यावर पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसत होता. दोन मिलिमीटर कमी. एवढ्यासाठी सगळं खोलावं लागलं. रॉड बाहेर काढून टेबलावर चांगल्या रॉडशेजारी ठेवला. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींच्या मधल्या फटीतून ट्यूबलाइटकडे बघितलं तेव्हा सरांना तो बाक दिसला, उसाच्या कांडीला असतो तसा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढाच?”

एवढाच, पण हा एवढाच जास्त वाईट. कधीकधी रॉड थोडा वाकतो, पाणी निघून जातं आणि गाडी चालू होते. थोडा पांढरा धूर, थोडी खडखड, मालक खूश. मग महिना-दीड महिन्यानं कुठल्यातरी घाटात तो रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा मालकाला पूर आठवतही नाही.

इथे माझीही एक चूक सांगून टाकतो. 2005 च्या महापुरात मी नवा होतो, हातात खुमखुमी होती. एका गिऱ्हाइकाची पाण्यात बंद पडलेली डिझेल जीप आली. सेल्फ फिरेना, म्हणून मी पोरं बोलावली, टेंबलाईच्या उतारावर नेली आणि सेकंड गिअर टाकून क्लच सोडला. धक्का स्टार्ट. सेल्फची ताकद किती आणि उतारावरून येणाऱ्या अख्ख्या जीपची ताकद किती, हा हिशेब मी केलाच नव्हता. फाट्कन आवाज झाला. खाली वाकून बघितलं तर ब्लॉकला मूठ जाईल एवढं भोक आणि ऑइलची धार. त्या माणसाचं काम मी तीन वर्षं फुकट केलं. त्यानं कधी मागितलं नव्हतं.

तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर करायचं एवढंच: चावी काढायची आणि हात खिशात घालायचे. सेल्फ नाही, धक्का नाही, गिअरमध्ये ठेवून टोचन नाही. न्यूट्रलमध्ये ओढायची. ऑटोमॅटिक असेल तर सरळ उचलून दुसऱ्या गाडीवर घालून न्यायची. कोरड्यात आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. मग बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढायच्या. हे कुणालाही जमतं, बहुधा चारेक क्लिपा असतात. आतला कागदी फिल्टर ओला असला तर पाणी पुढे गेलं असं समजायचं. ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर खालीही पाणी आहे. आमचं काम त्यानंतर सुरू होतं. पेट्रोलला प्लग, डिझेलला नोझल किंवा हीटर प्लग काढायचे आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचं. प्लगच्या भोकातून पिचकारी उडते. तेवढं पाणी वेळेत बाहेर आलं आणि रॉड सरळ असले, तर ऑइल, फिल्टर आणि साफसफाई एवढ्यावर भागतं. सरांचं इंजिन काम लाखाच्या पुढे चाललंय.

दारात उभी राहून बुडालेल्या गाडीलाही हेच लागू. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 55 फुटांवर गेलं तेव्हा शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर भागात कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडाल्या तेव्हा त्यांची इंजिनं बंद होती, म्हणजे रॉड सरळ होते. पाणी ओसरल्यावर मालकांनी “बघू तरी चालू होते का” म्हणून चावी फिरवली, आणि पुरानं सोडलेलं इंजिन चावीनं घालवलं.

आता विम्याचं. सरांकडे फुल पॉलिसी आहे, त्यात पूर लिहिलेलाच आहे. सर्वेअर आला, भला माणूस, त्यानं सगळं नीट बघितलं. मग कंपनीचं पत्र आलं: गालिचे, वायरिंग, साफसफाई मान्य; इंजिन अमान्य, कारण ते ‘परिणामी नुकसान’. अर्थ असा की पुरानं फक्त गाडी भिजवली, रॉड तुम्ही सेल्फ मारून वाकवला. या नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची वेगळी जोडणी पॉलिसीला घ्यावी लागते, तिचे जादा पैसे भरावे लागतात. सरांच्या एजंटानं ती कधी सुचवली नव्हती. नूतनीकरणाच्या वेळी आपण सगळेच ‘हप्ता कमी करा’ म्हणतो, तेव्हा सगळ्यात आधी हीच ओळ गळते. आणि गाडी जुनी झाली की ती मागूनही बहुधा मिळत नाही. वाचकांनी आजच कपाटातून पॉलिसी काढून बघावी. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळणार नाही, बघायचे कष्टही घेऊ नका.

पण सरांच्या बाबतीत मला कंपनीचं म्हणणं पटलेलं नाही, आणि मी ते सर्वेअरच्या तोंडावर सांगितलं. रॉड दोन वेळी वाकू शकतो. इंजिन पळत असताना एकदम पाणी आलं तर त्याच क्षणी, किंवा नंतर सेल्फ मारताना. वाकलेल्या रॉडवर वेळ छापलेली नसते. पहिली वेळ धरली तर ते पुराचं नुकसान, दुसरी धरली तर सरांची चूक. सर म्हणतात, बस आली, लाट बॉनेटवर चढली, गचका बसला आणि गाडी तिथेच मेली. पळत्या इंजिनाचा धक्का सेल्फच्या धक्क्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून माझा कौल पहिल्या वेळेला आहे. सेल्फ त्यांनी मारायला नको होता हे मी त्यांना रोज ऐकवतोच, तो भाग वेगळा.

सरांनी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलंय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. हे लोकांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आपल्या अंकात पावसाळाभर रोज कोपऱ्यात एक चौकट येते. राजाराम बंधाऱ्याची पातळी, इशारा 39 फूट, धोका 43 फूट, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कुठले मार्ग बंद. ती चौकट मी सकाळी चहाबरोबर सगळ्यात आधी वाचतो. तिच्या खाली बोटभर जागा असते, तिथे ‘पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारू नका’ एवढं छापा. माझा धंदा कमी होईल, होऊ दे. इंजिनाचं तरी भरून निघतं, जिवाचं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत दारं-काचा न उघडल्यामुळे माणसं गाडीतच गेली होती. म्हणून फवारे उडवणाऱ्या गाडीखाली ‘जिगरबाज’ लिहिताना जरा हात आखडता घ्यावा, ही विनंती.

आणि आणखी एक काम आहे, खरं तर त्यासाठीच पत्राला सुरुवात केली होती. छापलेल्या फोटोत उजव्या कडेला लाल रंगाचा एक तुकडा दिसतो. सर म्हणतात ती समोरून आलेली एसटी. अंकात तो कापला गेलाय. गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघितलं तर पाणी चाकाच्या मध्याच्याही खाली आहे, म्हणजे नुसत्या त्या पाण्यानं इंजिन बुडालं नसतं. आपल्या छायाचित्रकाराकडे तो फोटो न कापलेला असेल, आणि त्याच्या पुढचे-मागचे असतील, तर वेळेसकट सरांना मिळावेत. लाट बॉनेटवर असलेला एक जरी निघाला तरी लोकपालाच्या अर्जाला जोडता येईल. सर उद्या शाळा सुटल्यावर आपल्या कार्यालयात येतील, येताना पेनड्राइव्ह आणतील.

आपला,
एक गॅरेजवाला,
उद्यमनगर, कोल्हापूर