एकाच लेखकाची तीन नावं कोण जोडणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या साहित्याच्या डेटाबेसवरचा लेख मी काल दोनदा वाचला. सकाळी वाचला तेव्हा आवडला, दुपारी परत वाचला तेव्हा राग आला आणि तो रात्रीपर्यंत काही गेला नाही, म्हणून आज हे लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतलीय हे मान्य. ऑस्टलिट (हाच तो डेटाबेस) काय आहे, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातून ते कसं चालतं, त्यात कादंबऱ्या-कवितांच्या बरोबरीने नाटकं, मुलांची पुस्तकं, सिनेमांच्या पटकथा, एवढंच काय मासिकातली परीक्षणंही कशी नोंदवलेली असतात, सगळं नीट समजावलंय. माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. तिथे ते म्हणतात की गोव्यातही असं करता येईल आणि ते सोपं आहे, मराठीवाल्यांनी मराठी पुस्तकांची यादी करावी, कोंकणीवाल्यांनी कोंकणीची, आणि दोन्ही नेटवर टाकाव्या. हे वाचल्यावर मी पेपर मिटून ठेवला. अशा याद्या केल्या तर आपलं साहित्य सापडायचं सोडाच, जे थोडंफार हाती लागतंय तेही हरवेल. अनुभवाने सांगतेय.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फोंड्याकडच्या एका गावात मराठी शाळामास्तर होते. आमच्या भागात जत्रेच्या रात्री मराठी नाटक व्हायचंच, अजूनही होतं, आणि दादांनी त्या जत्रेसाठी पाच नाटकं लिहिली. दोन वह्या वाळवीने खाल्ल्या, दोन माझ्या कपाटात आहेत. एक मात्र १९५२ साली बेळगावात छापून आलं. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारचा काळ, आधी सेन्सॉरला दाखवल्याशिवाय काही उभं करता यायचं नाही, माझ्याकडच्या वहीच्या पहिल्या पानावर तो शिक्का आणि त्याखाली पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये दादांचं नाव अजून दिसतं. छापलेल्या नाटकाची प्रत घरात उरली नाही. कोणीतरी तालमीला नेली ती परत आलीच नाही.

गेल्या जूनमध्ये ती प्रत शोधायला मी एका मोठ्या वाचनालयात गेले (पणजीत पाटोवरचं सेंट्रल लायब्ररी नव्हे, दुसरं, नाव लिहीत नाही). आमचं आडनाव नायक. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर देवनागरीत नाव घातलं, तर गोवा मुक्तीनंतर दादांनी मुलांसाठी लिहिलेलं गोष्टींचं छोटं पुस्तक तेवढं आलं. रोमन अक्षरांत ‘के’ने संपणारं नायक घातलं तर एका जुन्या कवितासंग्रहात त्यांच्या दोन कविता आहेत ती नोंद आली. नाटक नाही. "टीचर, ह्या नांवाचें आनीक कांयच दाखयना," म्हणाला बिचारा, त्याचा काही दोष नाही. मी पावसात तशीच कदंबा बस पकडून घरी आले.

रात्री भाचीचा फोन आला. ती ब्रिस्बेनला शिकते, लेखात ज्या डेटाबेसचं कौतुक आहे तो ती विद्यापीठाच्या लॉगिनने रोज वापरते. मी रडकुंडीला आले होते ते तिला कळलं. ती म्हणाली, मावशी, आजोबांच्या त्या वहीवर स्पेलिंग काय आहे बघ आणि तसं शोध. मी उठून वही काढली. तिथे ‘के’ नाहीच, ‘क्यू यू ई’ आहे. पोर्तुगीजमध्ये ‘के’ वापरत नव्हते, म्हणून काकोडकरांचं ‘सी’ने सुरू होतं, नायकांच्या शेवटी क्यू येतो, कामतांचे कामोतीं होतात आणि प्रभूंचे पोरोबो. हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. कॉम्प्युटरला कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले. क्यू घालून शोधलं आणि नाटक समोर! तेही नाटकांत नाही, धर्म विभागात, कारण नावात ‘भक्त’ शब्द आहे. म्हणजे एका माणसाचे तीन लेखक झाले, एक बालसाहित्यिक, एक कवी, एक धार्मिक ग्रंथकार, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, तिघांनाही जन्मसाल नाही, गाव नाही. जो माणूस खांद्यावर पेट्रोमॅक्स घेऊन तालमीला जायचा तो या तिघांत कुठेच नाही. ती पातळ पिवळी प्रत हातात घेऊन मी वाचनालयात बसून राहिले, वाचायचं सुचलंच नाही.

भाची सांगते की ऑस्टलिटमध्ये माणसाची नोंद एक असते. टोपणनाव, लग्नाआधीचं नाव, वेगळं स्पेलिंग, सगळं त्या एका नोंदीला बांधलेलं, कुठल्याही नावाने शोधा, पोचता तिथेच. लिखाणाचंही तसंच, एक कविता आधी पेपरात आली, मग संग्रहात, मग भाषांतर झालं, तर हे सगळे एकाच कवितेचे अवतार म्हणून एका खाली एक दिसतात. आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लेखकांसाठी त्यात ब्लॅकवर्ड्स नावाचा वेगळा प्रकल्प आहे, आणि त्यात पुस्तकं लिहिणाऱ्यांबरोबर तोंडी गोष्टी सांगणाऱ्यांनाही जागा आहे. लेखात ब्लॅकवर्ड्सला फक्त अर्धी ओळ मिळालीय. आपल्यासाठी तर तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण आपलंही निम्मं साहित्य जत्रेत, काल्यात, कोंकणी तियात्र नाटकांत उभं राहिलं आणि छापखान्यापर्यंत पोचलंच नाही.

आता भाषावार याद्यांचं बघा. बाकीबाब बोरकर कुठल्या यादीत घालणार? मराठी कवी म्हणून ते घराघरात, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार कोंकणी ‘सासाय’ला. लक्ष्मणराव सरदेसायांनी मराठीत कथा लिहिल्या, कोंकणीत लिहिलं, पोर्तुगीजमध्येही लिहिलं, त्यांचे तीन तुकडे करायचे का? फादर स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेले, १५७९ साली गोव्यात आले, त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत, छापलं रायतूरला १६१६ साली, तेही रोमन लिपीत. त्या पहिल्या छपाईची एक प्रतही आज शिल्लक नाही आणि देवनागरीतलं हस्तलिखित लंडनला. कृष्णदास शामा आपल्या केळशीचे, १५२६ साली त्यांनी कृष्णचरित्र लिहायला घेतलं, आपण त्यांचं नाव सेंट्रल लायब्ररीला दिलं, पण त्या काळच्या पोथ्या बघायच्या तर पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या वाचनालयाकडे तोंड करावं लागतं. अशा माणसांना भाषेच्या खणात कोंबता येत नाही. आधी माणूस घ्या, त्याचं गाव घ्या, मग त्याने कुठल्या भाषेत आणि कुठल्या लिपीत लिहिलं ते त्याच्याखाली येऊ दे. मराठी-कोंकणी वाद आपण १९८७ च्या राजभाषा कायद्याआधीपासून करतोय, अजून करू, माझीही त्यात ठाम मतं आहेत, पण निदान कॅटलॉगमध्ये तरी माणसाला कापू नका.

वाचनालयाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी रीतसर अर्ज दिला, तिन्ही नावं, जन्मसाल, गाव, वहीच्या पानाची झेरॉक्स, सगळं जोडलं. उत्तर मिळालं की सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नाही. भाचीला विचारलं तर म्हणते त्यांचं सॉफ्टवेअर कोहा आहे, न्यूझीलंडमध्ये बनलेलं, फुकट मिळतं, आणि त्यात लेखकाची सगळी नावं एकत्र बांधायची सोय आहे, ग्रंथपाल त्याला ऑथॉरिटी फाइल म्हणतात. म्हणजे सोय आहे पण भरायला कोणी बसत नाही. आठ महिने झाले, अर्ज तिथेच. नाटक अजून धर्म विभागात. एका माणसाचं अर्ध्या तासाचं काम आहे हो ते!

शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली तेव्हा कुठला कॉम्प्युटर होता? वाचनालयं पालथी घालून, पुस्तकं हातात घेऊन त्यांनी नोंदी केल्या, मग १९५० पर्यंतचा दुसरा भागही केला. दादांचं नाटक दोन वर्षांनी हुकलं, याची मला आजही चुटपूट लागते. गोव्यातही आलेशु मान्युएल द कॉश्तांनी गोव्याच्या साहित्याचा तीन खंडांचा कोश पोर्तुगीजमध्ये करून ठेवलाय, तेही ग्रंथपालच. पाया घालणारे घालून गेलेत. वर भिंत कोण बांधणार एवढाच प्रश्न आहे.

आणि माणसं नाहीत हे मला सांगू नका. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह आहे, लेखात त्याचा उल्लेखच नाही. जुने पेपर स्कॅन करून तिथे टाकलेत, फुकट वाचता येतात, आणि मशीनने चुकीची वाचलेली अक्षरं लोक घरी बसून दुरुस्त करतात, साधे वाचक. आपल्याकडे हेगडे देसायांचा ‘भारत’ हा पेपर १९१२ पासून निघत होता, मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये. असल्या पेपरांतून किती कविता, किती पत्रं, किती नाटकांची परीक्षणं पडून असतील. ती दोन्ही भाषांत वाचू शकणारी, सकाळी मराठी शाळेत आणि मग पोर्तुगीज शाळेत गेलेली माणसं आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. पोरोबो म्हणजे प्रभू हे सांगायला त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. माझी मोठी बहीण त्यातलीच, ८१ वर्षांची, डोळे अजून चांगले आहेत. तिला कोणी शंभर नावं दिली तर ती दुपारच्या वेळात लावून देईल, पैसे मागणार नाही. पण तिला विचारायला अजून कोणीही आलेलं नाही, आणि दहा वर्षांनी येऊन काय उपयोग?

तुमच्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या लेखात ऑस्ट्रेलिया थोडं कमी करून गोव्यातली दहा नावं घ्यावी आणि त्या दहा जणांचं सगळं लिखाण आपल्या वाचनालयांच्या कॅटलॉगमध्ये शोधून किती मिळालं ते छापावं. दादांचं नाव त्यात घेतलं तर तिन्ही स्पेलिंगं मी पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, म्हार्दोळ

ता.क. त्याच पुरवणीत पान चारवर एक पोर्तुगीज कविता मराठीत दिलीय, फार सुंदर आहे, मी ती वहीत उतरवून घेतली. मूळ कवीचं नाव आहे, चित्रकाराचं आहे, भाषांतर कोणी केलं त्याचं नाव कुठेच नाही. हे तुमच्या पुरवणीत तिसऱ्यांदा होतंय. येत्या रविवारी ते नाव छापावं, म्हणजे मला वहीत कवितेखाली लिहिता येईल, तिथे मी दोन ओळी मोकळ्या सोडल्यात.